ग्लिसरीन एरंडेलाच्या पुढे का गेलं?

प्रश्न विचारणारे एक शिक्षक आहेत. त्यांनी काचेची पट्टी तिरपी ठेवून तिच्यावर चार पदार्थांची शर्यत लावली: पाणी, एरंडेल, ग्लिसरीन आणि केसांना लावायची जेल. तक्त्यात ग्लिसरीनची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, एरंडेलापेक्षा जास्त दिली आहे, म्हणजे ते मागे राहायला हवं होतं. प्रत्यक्षात ते एरंडेलाच्या बरंच पुढे निघून गेलं. जेल जागची हललीच नाही, पण तीच बोटांनी पसरवली तर एरंडेलापेक्षा सहज पसरते. त्यांनी विचारलं आहे: "एरंडेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे हलकं. ग्लिसरीन पाण्यात बुडतं, म्हणजे जड. मग या चौघांत सर्वांत दाट कोण? मुलांसाठी प्रत्येकापुढे एकेक आकडा लिहायचा, तर कोणता लिहू?"

तुमच्या प्रयोगात चूक काढायची म्हणून मी हे लिहीत नाही. उलट, हा प्रयोग फार चांगला झाला आहे, कारण त्यातून तक्त्याला न जुमानणारं उत्तर आलं. मी २१ वर्षं रंग आणि रेझिनच्या प्रयोगशाळेत श्यानता मोजते आहे. असं उत्तर आलं की बहुतेक वेळा द्रव बरोबर असतो, अपुरा असतो तो आपला प्रश्न. "हा द्रव किती दाट?" या प्रश्नात निदान तीन गोष्टी वगळलेल्या असतात: किती तापमानाला, किती जोराने ढकलल्यावर आणि किती वेळ ढकलल्यावर. त्या भरल्या की तुमचे चारही निकाल सरळ लागतात.

आधी शब्दांचं बघू. आपल्या भाषेत या बाबतीत शब्द भरपूर आहेत आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जड, चिकट, दाट आणि घट्ट हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते चार वेगळे गुण आहेत. जड म्हणजे घनता. तेवढ्याच जागेत वस्तुमान किती मावतं, एवढंच ती सांगते. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आहे, पण त्याची श्यानता पाण्याच्या दीडपटच आहे. एरंडेल पाण्यापेक्षा हलकं आहे आणि त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे हजारपट आहे. तरंगणं-बुडणं आणि वाहणं-रेंगाळणं यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, हे या दोन उदाहरणांतून मुलांना लगेच पटतं. (पारा मात्र नुसता सांगा, वर्गात आणू नका. त्याची वाफ विषारी असते.)

चिकट म्हणजे दुसऱ्या पृष्ठभागाला धरून ठेवणारं. बोलताना आपण श्यानतेलाच चिकटपणा म्हणतो, पण सिलिकॉन तेल बघा. ते अतिशय दाट प्रतींमध्येही मिळतं, आणि माल साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला आतून लावतात तेही सिलिकॉन तेलच. दाट आहे, पण चिकट नाही. दाट हा शब्द मी श्यानतेसाठी राखून ठेवते: द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना आतल्या आत जे घर्षण होतं, ते. आणि घट्ट म्हणजे जो स्वतःचा आकार धरून बसतो तो. तुमची जेल घट्ट आहे. ती दाट आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे मी नंतर येते.

श्यानता म्हणजे नक्की काय, हे डोळ्यांपुढे आणायचं असेल तर टेबलावर एक काच ठेवा. तिच्यावर एरंडेलाचा १ मिलिमीटर जाडीचा थर आणि त्यावर १० बाय १० सेंटिमीटरची दुसरी काच. आता वरची काच सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने आडवी ओढायची आहे. २० अंश सेल्सिअसला त्यासाठी जेमतेम १० ग्रॅम वजनाइतका जोर लागेल. एरंडेलाच्या जागी पाणी असतं तर १० मिलिग्रॅम. खालच्या काचेला लागलेला थर स्थिर असतो, वरच्या काचेला लागलेला तिच्याबरोबर सरकतो आणि मधले सगळे थर थोडेथोडे मागे राहत जातात. प्रत्येक थर शेजारच्याला मागे खेचतो. ही खेच म्हणजेच श्यानता. वरची काच दुप्पट वेगाने ओढली की एरंडेल बरोबर दुप्पट जोर मागतं, आणि थर निम्मा केला तरीही दुप्पटच. हे नातं न्यूटनने १६८७ मध्ये मांडलं. जे द्रव ते पाळतात त्यांना आजही न्यूटनीय म्हणतात. पाणी, ग्लिसरीन आणि एरंडेल पाळतात. जेल पाळत नाही.

आता तुमच्या शर्यतीकडे येऊ. उतारावर द्रवाला कुणी हाताने ओढत नाही. त्याला ओढतं त्याचं स्वतःचं वजन. म्हणजे जड द्रवाला खेच जास्त मिळते. म्हणून अशा शर्यतीत नुसती श्यानता बघून चालत नाही, ती घनतेने भागावी लागते. २० अंशांना ग्लिसरीनची श्यानता सुमारे १,४१० मिलिपास्कल-सेकंद (हे श्यानतेचं एकक, त्यात पाणी सुमारे १ येतं) आणि एरंडेलाची सुमारे ९८५. तक्त्यात तुम्ही पाहिला तो हाच फरक, ४० टक्क्यांहून थोडा जास्त. पण ग्लिसरीनची घनता घनसेंटिमीटरला १.२६ ग्रॅम आणि एरंडेलाची ०.९६. भागाकार केला की उरतात अनुक्रमे १,१२० आणि १,०२५ च्या आसपास. फरक ९ टक्क्यांवर आला. म्हणजे शुद्ध ग्लिसरीन आणि एरंडेल यांची उतारावरची शर्यत जवळजवळ बरोबरीत सुटायला हवी होती. या भागलेल्या श्यानतेला गतिज श्यानता म्हणतात. इंजिन आणि यंत्रांच्या तेलाचे आकडे बहुधा याच रूपात असतात. यंत्राच्या तेलाच्या डब्यावर आयएसओ व्हीजी ४६ लिहिलेलं असतं, त्यातला ४६ म्हणजे ४० अंशांना ४६ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद, १० टक्के इकडेतिकडे. तापमान कोणतं, हे तिथे आधीच ठरलेलं आहे, ते लक्षात ठेवा.

पण तुमचं ग्लिसरीन बरोबरीत आलं नाही, बरंच पुढे गेलं. इथे मला जवळजवळ खात्रीने वाटतं की तुमच्या बाटलीत पाणी होतं. ग्लिसरीन हवेतली आर्द्रता ओढून घेतं. झाकण सैल राहिलेली बाटली किंवा बशीत ओतून ठेवलेलं ग्लिसरीन हळूहळू पाणी पिऊन पातळ होतं, आणि काही बाटल्यांत ते मुळातच पाणी घालून भरलेलं असतं. परिणाम किती होतो ते बघा. वजनाने ५ टक्के पाणी मिसळलं की २० अंशांना श्यानता १,४१० वरून सुमारे ५२० वर येते. १० टक्के पाण्याने २२० वर. पाच टक्के पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही कळत नाही. पण उतारावर तेच ग्लिसरीन एरंडेलाच्या दुप्पटीहून अधिक वेगाने धावतं. तक्ता चुकलेला नाही. तक्त्यातलं ग्लिसरीन आणि तुमच्या बाटलीतलं ग्लिसरीन हे एकच द्रव नव्हते.

आणखी दोन शक्यता मी इथून तपासू शकत नाही. एक म्हणजे थेंबांचं माप. उतारावर वाहणाऱ्या थराचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गाने वाढतो. थर दुप्पट जाड असेल तर वेग चौपट. ड्रॉपरमधून पडलेला ग्लिसरीनचा थेंब थोडा मोठा असेल, तर तेवढ्यानेही निकाल फिरू शकतो. दुसरी म्हणजे काच. एखादा द्रव काचेवर लगेच पसरतो, एखादा आकसून ओघळ करतो. पाण्याचं तर विशेषच. तेलकट बोट लागलेल्या काचेवर पाणी मणी होऊन बसतं आणि मग अचानक सुटतं. त्या वेळी तुम्ही श्यानता नव्हे, पृष्ठताण बघत असता. म्हणून पाण्याला या शर्यतीत धरूच नका. ते एरंडेलाच्या हजारपट वेगाने जात नाही, कारण एवढ्या वेगात थर शिस्तीने एकमेकांवरून सरकतच नाहीत, खळबळ सुरू होते.

आता तापमान. माझ्या कामात सर्वांत जास्त भांडणं यावरून झाली आहेत. पाण्याची श्यानता ० अंशांना १.७९, २० ला १.०० आणि १०० ला ०.२८ मिलिपास्कल-सेकंद. म्हणजे गोठण्यापासून उकळण्यापर्यंतच्या प्रवासात सहापट फरक. ग्लिसरीन ० अंशांना सुमारे १२,००० असतं आणि ४० ला सुमारे २८५. नुसत्या ४० अंशांत ४० पटींहून जास्त फरक! एरंडेल २० वरून ३० अंशांवर गेलं की श्यानता निम्म्याहून खाली येते. दर अंशाला साधारण ८ टक्के. त्यामुळे तुम्ही एक द्रव सकाळी आणि दुसरा दुपारी सोडला असेल, किंवा एक बाटली खिडकीत उन्हात होती आणि दुसरी कपाटात, तर त्या शर्यतीला अर्थच राहत नाही.

एकदा आमच्याकडून गेलेलं रेझिन ग्राहकाच्या प्रयोगशाळेने परत केलं. त्यांच्या मोजणीत ते आमच्यापेक्षा चौथ्या हिश्श्याहून जास्त पातळ आलं होतं. दोन्ही बाजूंनी नमुने उघडले, यंत्रं तपासली, जुन्या नोंदी काढल्या. शेवटी कळलं की आम्ही २५ अंशांच्या पाण्याच्या टाकीत नमुना तासभर ठेवून मोजला होता आणि त्यांनी खोलीत आहे तसा. त्यांची खोली २९ अंशांवर होती. चार अंश गुणिले आठ टक्के. सगळा वाद तेवढाच होता. कुणीही खोटं बोललं नव्हतं.

माझ्या स्वतःच्या हातूनही हे झालं आहे. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात सकाळी गोदामातून रंगाचा पिंप आला. मी नमुना फोर्ड कपात भरला. हा तळाशी ठरावीक मापाचं छिद्र असलेला पेला असतो. द्रव भरून बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. वेळ जास्त आली, रंग दाट आहे म्हणून मी थिनर घालायला सांगितला. दुपारी त्याच रंगाचा थर उभ्या पत्र्यावर दिला, तर तो डोळ्यांदेखत ओघळून खालच्या कडेला माळेसारखा जमला. रंग दाट नव्हता, थंड होता. पिंपाच्या आत १४ अंश असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. तेव्हापासून कपाच्या आधी थर्मामीटर आत जातो. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.

तापवल्यावर द्रव पातळ का होतो? द्रवातला प्रत्येक रेणू शेजाऱ्यांच्या घोळक्यात अडकलेला असतो. पुढे सरकायचं तर त्याला तो वेढा फोडून बाजूच्या मोकळ्या जागेत उडी मारावी लागते. उष्णता मिळाली की अशा उड्या सोप्या होतात. शेजारी जितके घट्ट धरून ठेवणारे, तितकी उडी अवघड. हे फार सुंदर दिसतं ते इथेनॉल, इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ओळीने ठेवले की. इथेनॉलच्या रेणूवर शेजाऱ्याला धरणारा हायड्रॉक्सिल गट एक, ग्लायकॉलवर दोन, ग्लिसरीनवर तीन. २० अंशांना श्यानता अनुक्रमे सुमारे १.२, २० आणि १,४१०. हात एकेकाने वाढतात आणि श्यानता कित्येक पटींनी, कारण दोन-तीन हातांनी सगळे एकमेकांत गुंततात आणि जाळं तयार होतं. ग्लिसरीनमध्ये थोडं पाणी गेल्यावर एवढा फरक का पडतो, हेही यातूनच कळतं. पाण्याचे छोटे, चपळ रेणू त्या जाळ्यात शिरून हात सोडवतात.

वायूंमध्ये मात्र उलटं घडतं. हवा तापली की तिची श्यानता वाढते. तिथे वेढा वगैरे काही नसतो. एका थरातले रेणू उडून दुसऱ्या थरात जातात आणि आपला वेग तिथे वाटतात. तापमान वाढलं की ही ये-जा वाढते, म्हणून खेचही वाढते. द्रवांत अपवाद विचाराल तर गंधक. ते ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान वितळतं तेव्हा पिवळं आणि पातळ असतं. १६० च्या आसपास ते अचानक गडद लाल आणि इतकं दाट होतं की परीक्षानळी उलटी केली तरी सांडत नाही. श्यानता हजारो पटींनी वाढलेली असते. आठ अणूंची कडी उघडून त्यांच्या लांबच लांब साखळ्या होतात आणि त्या एकमेकांत अडकतात. आणखी तापवलं की साखळ्या तुटतात आणि ते परत पातळ होतं. मी विद्यार्थिनी असताना हे पहिल्यांदा पाहिलं, आणि मी आज या क्षेत्रात आहे त्याचं मोठं कारण ती परीक्षानळी आहे. (हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटातच करायचा. गंधक पेटलं तर त्याचा धूर घातक असतो.)

इथवरचं एकत्र ठेवते. उतारावर श्यानता आणि घनता दोन्ही काम करतात. तुमच्या ग्लिसरीनमध्ये बहुधा पाणी होतं. आणि तापमान न लिहिलेला कोणताही आकडा अर्धाच असतो. हे सगळं पाणी, एरंडेल आणि ग्लिसरीन यांच्याबद्दल झालं. जेलचा स्वभावच निराळा आहे.

जेलची बाटली उजेडात धरा. आत हवेचे बारीक बुडबुडे अधांतरी अडकलेले दिसतील. महिनाभराने बघा, तिथेच असतील. एरंडेलाची बाटली हलवून ठेवली तर तिच्यातले बुडबुडे सावकाश का होईना, वर जातात. यातच दोघांमधला फरक आहे. एरंडेल कितीही दाट असलं तरी अगदी हलक्या जोरालाही ते हो म्हणतं, फक्त हळू. जेल एका मर्यादेखाली सरळ नाहीच म्हणते. तिच्यात लांब साखळ्यांचे पाणी पिऊन फुगलेले कण एकमेकांना टेकून उभे असतात, दाटीवाटीने भरलेल्या पोत्यांसारखे. ती रचना मोडेल एवढा जोर लागल्याशिवाय काहीही वाहत नाही. त्या किमान जोराला आम्ही यील्ड स्ट्रेस म्हणतो. मी मराठीत त्याला मोडजोर म्हणते.

तुमच्या पट्टीवर जेलचा थर ३ मिलिमीटर असेल आणि उतार ३० अंशांचा, तर तिच्या वजनाने काचेलगत पडणारा ताण, म्हणजे दर चौरस मीटरमागचा जोर, साधारण १५ पास्कल होतो. अशा जेलचा मोडजोर ५० पास्कलच्या घरात असू शकतो, प्रत्येक जेलचा वेगळा. १५ ला ५० पार करता येत नाहीत, म्हणून ती बसून राहिली. हे पडताळून बघा: त्याच उतारावर जेलचा ढीग ३ सेंटिमीटर उंच करा. ताण दहापट, म्हणजे दीडशेच्या आसपास होईल आणि ढीग तळातून घसरू लागेल. तीच जेल आणि तोच उतार, बदलली ती फक्त उंची. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. मला स्वतःला तो एरंडेल-ग्लिसरीनच्या शर्यतीपेक्षा जास्त शिकवणारा वाटतो.

आणि बोटांनी पसरवताना ती सोपी का वाटते? बोटं पातळ थरावरून झरझर फिरतात, तेव्हा थर सरकण्याचा वेग (बोटांचा वेग भागिले थराची जाडी) सेकंदाला शेकड्यांत, हजारांत जातो. जेलमध्ये वेग दहापट केला तरी जोर जेमतेम दुप्पट लागतो, असं सहज दिसतं. एरंडेलात दहापट वेगाला दहापट जोर. म्हणून सावकाश ढकललं तर जेल जास्त अडवते, आणि झटक्यात ढकललं तर एरंडेल. दोघांत जास्त दाट कोण, याला एकच उत्तर नाही. कोणत्या वेगाला, ते सांगा, मग उत्तर सांगते.

रंगाच्या धंद्याचा सगळा प्राण इथे आहे. डब्यात रंग उभा असताना त्यातली भुकटी तळाशी बसू नये, म्हणून अगदी मंद वेगाला तो दाट हवा. ब्रशखाली हजारोंच्या वेगाला तो पातळ हवा, नाहीतर हात भरून येतो. आणि ब्रश उचलल्यावर त्याने पुन्हा दाट व्हायचं, पण लगेच नाही. आधी ब्रशच्या रेघा मिटण्याइतका वेळ द्यायचा आणि मग ओघळ धरण्याआधी थांबायचं. त्या मधल्या थोड्या क्षणांसाठी आम्ही महिने घालवतो. ढवळल्यावर सैल होणं आणि सोडल्यावर वेळ घेऊन पुन्हा आवळणं, या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात. यामुळे मोजणीही अवघड होते. द्रवात दांडी फिरवून श्यानता मोजणाऱ्या ब्रूकफील्डच्या यंत्रात दांडी फिरू लागते आणि आकडा मिनिटभर खाली खाली येत राहतो. पहिल्या दहा सेकंदांना वाचला तर एक आणि दोन मिनिटांनी वाचला तर दुसरा. म्हणून आमच्या नोंदीत आकड्याशेजारी दांडीचा क्रमांक, फेऱ्यांचा वेग, तापमान आणि किती वेळाने वाचलं, हे चारही असतं. यातलं एकही नसेल तर मी तो आकडा स्वीकारत नाही.

याच्या उलटही पदार्थ आहेत. स्टार्चमध्ये थोडंच पाणी घालून केलेलं मिश्रण हळू बोट घातलं तर आत घेतं आणि ठोसा मारला तर दगडासारखं अडवतं. कण इतके खच्चून भरलेले असतात की घाईत ढकलले की एकमेकांत अडकतात. सावकाश ढकललं की वाट देतात.

वेळेचं सर्वांत टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात आहे. थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबरासारखा पिच हा पदार्थ तापवून नरसाळ्यात ओतला, तीन वर्षं बसू दिला आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं टोक कापलं. हातोडी मारली तर पिचचे काचेसारखे तुकडे होतात. पण नरसाळ्यातून तो थेंब थेंब पडतो. आठवा थेंब २००० साली सुटला आणि नववा २०१४ मध्ये. त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट काढली गेली आहे. पिच हा घन की द्रव, हे तुम्ही त्याच्याकडे सेकंदभर बघता की दहा वर्षं, यावर ठरतं.

आता आकड्यांचं. मुलांना मोजून दाखवायचं असेल तर उतार सोडा आणि नळीत गोळी टाका. स्टोक्सने १८५१ मध्ये दिलेल्या सूत्राप्रमाणे २ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी २० अंशांच्या एरंडेलात सेकंदाला साधारण दीड सेंटिमीटर उतरते. घड्याळाने आरामात मोजता येतं. दोन काळज्या घ्या. पहिले काही सेंटिमीटर मोजू नका, आणि नळी रुंद घ्या. गोळीच्या दहापट रुंद नळीतही भिंतींमुळे वेग साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो. हेच सूत्र पाण्याला लावलं तर गोळीचा वेग सेकंदाला १५ मीटर येतो. असं काही घडत नाही. सूत्र संथ उतरणाऱ्या गोळीसाठीच आहे. पाण्यासाठी बारीक नळीतून ठरावीक पाणी वाहायला किती वेळ लागतो, ते मोजतात. तिथे प्वाझय या फ्रेंच डॉक्टरांचा नियम चालतो. रक्त बारीक नलिकांतून कसं वाहतं, या कुतूहलातून त्यांनी काचेच्या केसासारख्या नळ्यांत पाण्यावर प्रयोग केले आणि प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो हे दाखवलं. नळी निम्म्या त्रिज्येची केली की प्रवाह सोळावा हिस्सा. म्हणूनच अशी नळी धुताना आम्ही फार जपतो. आत पुटं धरून त्रिज्या १ टक्क्याने कमी झाली तरी वेळ ४ टक्क्यांनी वाढते.

तुमच्या तक्त्यात मी असं लिहीन. पाण्यापुढे १, एरंडेलापुढे ९८५ आणि ग्लिसरीनपुढे १,४१०, तिन्हींपुढे मिलिपास्कल-सेकंद आणि '२० अंश सेल्सिअसला'. ग्लिसरीनपुढे 'पाण्याशिवाय' हाही शब्द. जेलपुढे एक आकडा लिहू नका. तिथे दोन ओळी करा, एक मोडजोराची आणि एक जोरात पसरवल्यावरच्या श्यानतेची, आणि पहिली ओळ मुलांनाच ढिगाची उंची मोजून भरू द्या. ढीग ज्या उंचीला घसरू लागतो ती उंची मीटरमध्ये घ्या, तिला जेलच्या घनतेने, ९.८ ने आणि उताराच्या साइनने गुणा, की मोडजोराचा अंदाज पास्कलमध्ये मिळेल. घनता पाण्याइतकी, म्हणजे घनमीटरला १,००० किलोग्रॅम, धरलीत तरी चालेल.

आणि शर्यत पुन्हा लावणार असाल तर चारही बाटल्या आदल्या रात्रीपासून एकाच टेबलावर ठेवा, थेंब ड्रॉपरऐवजी सिरिंजने मोजून सोडा, आणि ग्लिसरीनची न उघडलेली बाटली आणून तिच्यावरची टक्केवारी वाचा. काढून झाल्याबरोबर तिचं झाकण घट्ट लावा.